कोच बदलायचा की वेळापत्रक? विद्यापीठाच्या फेन्सिंग क्लबबद्दल

तू लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विद्यापीठाच्या कॅम्पसवर तुमचा फेन्सिंग (तलवारबाजी) क्लब आहे आणि तू त्याची सेक्रेटरी आहेस. जुलैत ३० जणांनी नावं दिली, दिवाळीच्या सुट्टीनंतर १२ उरले. कोच मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, दोन-दोन तास. त्यातला बहुतेक वेळ शाळेपासून सेबर (फॉइल, इपी आणि सेबर ही फेन्सिंगची तीन शस्त्रं) खेळणाऱ्या, स्टेट खेळून आलेल्या दोन मुलांवर जातो आणि बाकीचे भिंतीकडेने फूटवर्क करत राहतात. तू विषय काढलास तेव्हा सर म्हणाले, "मेडल कोण आणणार, तू?" आता जिमखान्याकडून थोडा निधी मिळतोय. त्यातून इलेक्ट्रिक सेट (टच झाला की दिवा लावणारं साहित्य) घ्यावा की दुसरा कोच बघावा, असा तुझा प्रश्न आहे.

मी फॉइल खेळलो, पुढे एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा अभ्यासक्रम) केलं आणि गेली सतरा वर्षं मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी कॉलेजच्या मुलांना शिकवतोय. म्हणजे तुझे सर जिथे उभे आहेत तिथेच मी रोज उभा असतो. तेव्हा थोडी त्यांची बाजू घेणार, राग मानू नकोस. आणि तुला सरळ 'तू' म्हणतोय, माझ्या क्लबातल्या मुलींएवढीच असशील.

आधी गणित करू. दोन तास म्हणजे १२० मिनिटं. मॅट अंथरणं, वॉर्मअप, कुणाची वायर बिघडली, कुणाला ग्लव्ह सापडत नाही, यात २० मिनिटं जातात. उरली १००. नीट वैयक्तिक लेसन द्यायचा तर एकाला १५ ते २० मिनिटं लागतात आणि त्यात कोचही मास्क आणि प्लॅस्ट्रॉन (छातीवरचं संरक्षक आवरण) घालून अखंड मागे-पुढे होत असतो. चाळिशीनंतर असे तीन लेसन झाले की गुडघा बोलायला लागतो. ३० जणांना १०० मिनिटं वाटली तर वाट्याला येतात तीन. तीन मिनिटांत मी फार तर कुणाची पकड सुधारेन. तेव्हा निवड करावीच लागते, आणि मार्चमध्ये क्रीडा संचालकांसमोर बसल्यावर कोचला एकच प्रश्न विचारला जातो, मेडल किती? 'किती मुलं टिकली' हे सतरा वर्षांत मला कुणीही विचारलेलं नाही. त्यात मानधन तासावर, आणि त्याची फाइल कुठल्या टेबलावर अडकली आहे हे शोधायला अर्धा दिवस. त्या दोन मुलांच्या घरच्यांचे फोनही सरांनाच येत असणार. सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण त्यांच्या डोळ्यांसमोर असतं.

म्हणून, सर वाईट आहेत असं मला तुझ्या मजकुरावरून तरी दिसत नाही. बोलले ते चुकीचं होतं, पण ती चीड असू शकते. मला दिसणारी अडचण वेगळी आहे. तुमचा क्लब आठवड्यातले चारच तास जिवंत असतो. सर दारातून बाहेर पडले की तोही बंद होतो. उद्या याहून चांगले कोच आणलेस तरी त्यांच्याकडेही हेच चार तास असतील.

यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच सांगून टाकतो. मुलं होस्टेलवर राहतात की एसटीने ये-जा करतात? हॉलची चावी कोणाकडे असते? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस. माझा एक अख्खा मोसम शिपायाच्या रजेमुळे वाया गेला आहे. फरशी कसली आहे? गुळगुळीत शहाबादी किंवा टाइल्स असतील तर रबरी मॅटशिवाय लंज (पुढचा पाय लांब टाकून केलेला हल्ला) मारू देऊ नका. पुढचा पाय सरकला की मांडीचा सांधा दुखावतो आणि ते दुखणं महिनोन्महिने जात नाही. आणि सर स्वतः कोणतं शस्त्र खेळलेले आहेत? सेबरवाले असतील तर ते सेबरच्याच मुलांकडे ओढले जाणार, हे स्वाभाविक आहे.

आता गळतीबद्दल, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. पहिली तीन वर्षं मी नव्या मुलांना तीन महिने नुसतं फूटवर्क देत असे. मला तसंच शिकवलं होतं. एन गार्ड (लढतीचा पवित्रा), पुढे, मागे, पुढे-पुढे, लंज, परत. एका जुलैत १९ मुलं आली आणि सप्टेंबरअखेर चार उरली. गेलेल्यांपैकी एक मुलगा कॅन्टीनमध्ये भेटला. म्हणाला, "सर, राग नाही. पण मी घरी सांगितलं होतं की तलवारबाजी शिकतोय. आईने दाखव म्हटलं, तर मला चालूनच दाखवावं लागलं." त्यानंतर मी पद्धत बदलली.

आता पहिल्या दिवशी ग्लव्ह. मी खांद्याच्या उंचीवर ग्लव्ह धरतो, समोरचा एन गार्डमध्ये उभा. मी कुठलीही खूण न करता ग्लव्ह सोडतो. जमिनीवर पडण्याआधी त्याने लंज मारून तो पकडायचा. पहिल्या दहांत एकही हाती लागत नाही, कारण सगळे आधी पाय टाकतात आणि मग हात काढतात. अकराव्याला कुणाचा तरी हात आधी जातो आणि ग्लव्ह मुठीत येतो. हात आधी, पाय नंतर, हे मी वीस वेळा सांगून जे होत नाही ते त्या एका पकडीत होतं. तिसऱ्या दिवशी पूर्ण किट घालून लुटुपुटूची बाउट (लढत), फक्त मनगट ते कोपर मारायचं, तीन टचची, जिंकेल तो उभा राहील. फूटवर्क रोज असतंच, पण वीस मिनिटं. बाउटमध्ये मार खाल्ल्यावर मुलं आपणहून विचारतात, "सर, मला मागे का जाता येत नाही?" त्यानंतर शिकवलेलं फूटवर्क मुलं मन लावून करतात.

तेव्हा तुमच्या १२ जणांना आधी खेळायला मिळालं पाहिजे. लेसनची गोष्ट त्यानंतरची.

आता शस्त्र. माझं मत स्पष्ट आहे, नव्यांना इपी द्या. यावर कोचमंडळींत भांडणं होतात, ती मला ठाऊक आहेत. जुन्या वळणाचे लोक म्हणतील आधी फॉइल, कारण फॉइलने हात घडतो. मी स्वतः फॉइलवाला असून सांगतो, आठ-दहा वर्षांची मुलं रोज येणार असतील तर त्यांचं बरोबर आहे. इथे गोष्ट एकोणीस वर्षांच्या, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या आणि चार वर्षांत डिग्री घेऊन जाणाऱ्या मुलांची आहे.

इपीचा फायदा पंचाचा आहे. फॉइलमध्ये टच फक्त धडावर आणि सेबरमध्ये कमरेच्या वर, पण दोन्हींत दोघांचे दिवे लागले की हल्ला कोणाचा होता, प्राधान्य कोणाला, हे पंचाने ठरवायचं असतं. ते ठरवायला नजर तयार व्हावी लागते. कोच नसताना दोन नवशिके सेबर खेळले की पाच मिनिटांत खेळ थांबतो आणि वाद सुरू होतो. इपीमध्ये अख्खं अंग लक्ष्य आणि प्राधान्य नाहीच. ज्याचा दिवा लागला त्याचा गुण. सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत दोघांनी मारलं तर दोघांनाही गुण. यंत्र सांगतं, मुलं ऐकतात. शिवाय फॉइल आणि सेबरला अंगावर धातूच्या धाग्याचं लामे जॅकेट लागतं, सेबरला तर मास्क आणि ग्लव्हची बाहीही वीजवाहक लागते. आपल्याकडच्या घामाने लामेवर हिरवट डाग पडतात आणि दोन-तीन मोसमांत ते ठिकठिकाणी मरतं. इपीला लामे नाही, म्हणजे तेवढा खर्च वाचला.

याचा अर्थ त्या दोघांचं सेबर बंद करा असा नाही. पुढे येतोच त्यांच्याकडे.

निधी किती आहे ते तू लिहिलेलं नाहीस आणि साहित्याचे भाव सतत बदलतात, म्हणून रक्कम न सांगता क्रम सांगतो. सगळ्यात आधी मास्क. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह नावाचा खेळाडू गेला. साधासुधा नव्हे, १९८० चा ऑलिंपिक विजेता. समोरच्याची पात मोडली आणि तुटलेलं टोक मास्कच्या जाळीतून आत शिरलं. आज मास्क, जॅकेट आणि पात यांचे जे कडक निकष आहेत ते त्यानंतर आले. स्पर्धेत मास्कची जाळी १२ किलोच्या पंचने, म्हणजे टोचून बघायच्या अवजाराने, तपासतात. तुमच्याकडे ते अवजार नसेल तर निदान दर महिन्याला प्रत्येक मास्क उजेडात धरून बघा. जाळीत खड्डा, गंज, मागची पट्टी सैल, यातलं काहीही दिसलं तर तो मास्क शोकेसमध्ये. पुन्हा डोक्यावर नको.

मास्कनंतर जॅकेट आणि आतलं प्लॅस्ट्रॉन, मुलींसाठी चेस्ट गार्ड, मग ग्लव्ह. जॅकेट मागवताना डावखुरे किती आहेत ते मोज. जॅकेट शस्त्राच्या विरुद्ध बाजूला बंद होतं. डावखुऱ्याला उजव्या हाताचं जॅकेट दिलं तर चेन नेमकी समोरच्याच्या टोकाकडे येते. एवढी साधी गोष्ट, पण कोटेशन मागवणाऱ्या माणसाला ती माहीत नसते आणि वीसच्या वीस जॅकेट उजव्या हाताची येतात. (माझ्याकडे पहिल्यांदा खरेदीचा प्रस्ताव गेला तेव्हा लेखा विभागातल्या बाबूने फोन करून विचारलं होतं, "फेन्सिंग कुठल्या कंपाउंडला करायचं आहे? रनिंग मीटर लिहिलेलं नाही." तेव्हापासून मी अर्जात कंसात 'तलवारबाजी' लिहितो.)

त्यानंतर इपी, बॉडी वायर (जॅकेटच्या आतून शस्त्राला जोडायची तार), एक स्कोअरिंग बॉक्स (दिवे लावणारं यंत्र) आणि दोन रील (बॉडी वायर बॉक्सशी जोडणाऱ्या गुंडाळत्या तारा). पुरा 'इलेक्ट्रिक सेट' म्हणून विक्रेता जे गळ्यात मारतो त्यात बहुधा ॲल्युमिनियमची पिस्टही (खेळायचा पट्टा) असते. ती आत्ता घेऊ नका. १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद पट्टा रंगीत टेपने आखला, मध्यापासून दोन-दोन मीटरवर एन गार्डच्या रेषा काढल्या की सरावापुरतं भागतं. टोक जमिनीला लागलं की इपीचा दिवा लागेल, हे खरं. मुलं तेवढं समजून घेतात. वाचलेल्या पैशांत जादा पाती घ्या. पाती मोडणारच. मोडलेल्या पातीला वेल्डिंग करून आणणारा एक तरी हुशार मुलगा प्रत्येक बॅचमध्ये निघतो. त्याला वेळीच अडवा.

आणि साहित्य नाही म्हणून थांबू नका. भवानी देवी चेन्नईच्या शाळेत शिकायला लागली तेव्हा सरावाला बांबूच्या काठ्या होत्या. खरी सेबर महाग, ती स्पर्धेपुरती. तीच मुलगी २०२१ मध्ये टोकियोला ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय फेन्सर झाली. पहिली बाउट १५-३ जिंकली आणि दुसरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७-१५ हरली. २०२३ मध्ये चीनमधल्या वूशीहून आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचं ब्राँझही घेऊन आली.

खरेदीच्या यादीत शेवटी एक छोटी पेटी लिही, दुरुस्तीची. माझ्या मते तुमच्या क्लबची सुरुवात तिथून होईल. इपीच्या टोकाशी दोन स्क्रू असतात, मोहरीएवढे. ते फरशीवर पडले की गेलेच. म्हणून आमच्याकडे एक स्टीलचं ताट, त्यात पांढरा रुमाल आणि दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक असतं. टोक उघडलं की आत दोन स्प्रिंग. इपी उभी धरायची, टोक दाबायचं आणि त्यावर ७५० ग्रॅमचं वजन ठेवायचं. स्प्रिंगने ते वर उचललं पाहिजे. मग दीड मिलिमीटरचं गेज टोकाखालच्या फटीत जातं का बघायचं. पुढे अर्ध्या मिलिमीटरचं गेज घालून टोक दाबायचं, दिवा लागता कामा नये. लागला तर आतली छोटी स्प्रिंग लांब आहे. ती अर्धा आटा फिरवायची आणि पुन्हा तेच. बॉडी वायर मल्टिमीटरवर धरायची, रोध एका ओहमच्या आत हवा. बहुतेक वेळा दोष पिनपाशी तुटलेल्या तारेत असतो.

हे काम मी आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मुलीवर सोपवलं. ती खेळात मधलीच होती, टीममध्ये येण्यासारखी नव्हती. पण आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या वेळी वेपन चेकला आमची सगळी हत्यारं पहिल्या फेरीत पास झाली आणि शेजारच्या संघाचा मॅनेजर तिच्याकडे येऊन दोन स्क्रू मागून घेऊन गेला. ती चारही वर्षं टिकली. जाताना दुसऱ्या वर्षाच्या दोघांना तयार करून गेली. आज त्या ताटावर बसणारी ही चौथी पिढी आहे.

आता सरांशी कसं बोलायचं ते सांगतो. १२ जणांच्या सह्यांचं निवेदन घेऊन क्रीडा संचालकांकडे जाऊ नकोस, निदान आत्ता नको. कोचच्या डोक्यावरून गेलेलं निवेदन माझ्याकडेही एकदा आलं होतं. त्यातलं निम्मं खरं होतं आणि तरीही पुढचे दोन महिने मी कुणाशी धड बोललो नाही. सरांना सराव संपल्यावर न गाठता आधी गाठ. संपल्यावर ते दमलेले असतात. आणि हातात एकच कागद ने.

त्या कागदावर काय असावं? मेडलचाच मुद्दा, त्यांच्याच भाषेत. तुमचे दोघे सेबरवाले वैयक्तिक खेळतील, ठीक आहे. पण टीमला तीन खेळाडू लागतात आणि एक राखीव. सांघिक लढत रिले पद्धतीची, ४५ टचची, नऊ बाउट. तिघांतला प्रत्येकजण समोरच्या तिघांशी खेळतो. म्हणजे तिसरा माणूस नऊपैकी तीन वेळा पिस्टवर उतरणारच. पहिल्या दोघांनी १०-४ अशी आघाडी मिळवून दिली आणि तिसऱ्याने ती एका बाउटमध्ये घालवली, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता स्कोअरशीटकडे बघवत नाही. दोघांनी टीम होत नाही. तिसरा आणि चौथा या १२ जणांतूनच, इपीवर सुरुवात करून पुढे सेबर उचलणाऱ्यांतून, निघायचा आहे. त्यांना आज खेळवलं नाही तर सरांचंच सांघिक मेडल जातं.

दुसरा मुद्दा त्या दोघांचा. वर्षभर ते एकमेकांशीच खेळतात. एकाने खांदा हलवला की दुसऱ्याला पुढचं कळतं. मग बाहेर स्पर्धेत पूलमध्ये (सुरुवातीच्या गटातल्या साखळी लढतींत) कुणी अनोळखी, वेड्यावाकड्या लयीत खेळणारा समोर येतो. पूलची बाउट पाच टचची, जास्तीत जास्त तीन मिनिटं, आणि सेबरमध्ये तर ती मिनिटभरात संपते. त्याचा अंदाज येईपर्यंत स्कोअर १-४ झालेला असतो. नवशिके नियमाने हलत नाहीत, म्हणूनच ते सरावाला चांगले. त्यात एखादा डावखुरा असेल तर सोन्याहून पिवळं. डावखुऱ्यासमोर सगळ्या बाजू उलटतात. ज्याने तो रोज पाहिलेला नाही त्याचा बचाव चुकीच्या दिशेला जातो.

मग वेळापत्रक. आमच्याकडे चालतं ते सांगतो, तुमच्या हॉलप्रमाणे बदल. पहिली २० मिनिटं वॉर्मअप आणि फूटवर्क सीनियर घेतो, सर नाही. पुढची २५ मिनिटं सर सगळ्या नव्यांना एकत्र घेतात, एकच विषय. आज फक्त अंतर, शुक्रवारी फक्त मनगटावरचा टच. या वेळी ते दोघे स्टेटवाले नव्यांच्या समोर उभे राहतात आणि त्यांना मारू देतात. नंतरची ४५ मिनिटं तीन वैयक्तिक लेसन, दोन त्या दोघांचे आणि तिसरा पाळीने १२ जणांपैकी एकाचा. बाकीचे तेवढ्यात बाउट खेळतात. शेवटची ३० मिनिटं सगळे सगळ्यांशी, पाच टचवर. स्टेटवाल्यांना चढ द्यायला लावायचा, म्हणजे ते ०-३ वरून सुरू करतात. सर मध्ये पंच म्हणून उभे आणि त्यांच्या शेजारी एक नवा मुलगा हातवारे करत पंचगिरी शिकतो. सेबरचा पंच असाच तयार होतो, दुसरा रस्ता मला माहीत नाही.

सहा आठवड्यांत एकदाच लेसन मिळणार म्हणून नवे कुरकुरतील. पण आपली पाळी कोणत्या मंगळवारी आहे हे भिंतीवर लिहिलेलं असलं की माणूस तेवढ्यासाठी येतो. 'सर कधीतरी घेतील' यावर कुणी थांबत नाही.

यापलीकडे सर नसतानाचे दिवस. दोन संध्याकाळी पुरेत, एक फूटवर्कची, एक बाउटची. सरांची आणि क्रीडा विभागाची लेखी परवानगी घ्या. कोच नसताना कुणाला लागलं तर जबाबदारीचा प्रश्न येतो आणि मग पहिली गोष्ट होते ती हॉलला कुलूप. मास्क, जॅकेट, प्लॅस्ट्रॉन, ग्लव्ह यातलं एकही कमी असेल तर बाउट नाही, 'एकच टच' सुद्धा नाही. पात हातात असलेल्या माणसाने मास्क न घातलेल्या माणसाकडे टोक रोखलं की त्या दिवशी तो घरी. मी हे स्टेट प्लेयरलाही लावतो.

सीनियरांना लेसन द्यायला शिकवता येतं, हे अनेक कोच मान्य करत नाहीत. मीही करत नव्हतो. कोविडनंतर हॉल उघडला तेव्हा माझा खांदा अडकलेला होता, हात वर जात नव्हता. नाइलाजाने दुसऱ्या वर्षाच्या तिघांना एकच लेसन शिकवला. आपण हात किंचित उघडायचा, समोरच्याने मनगटावर टच करायचा. मग आपण एक पाऊल मागे, त्याने एक पाऊल पुढे येऊन टच. मग दोन पावलं मागे, त्याने लंज मारून टच. एवढंच. दहा मिनिटं. आणि अट अशी की एका लेसनमध्ये एकच चूक सांगायची, दुसरी दिसली तरी तोंड बंद. पहिल्या आठवड्यात त्यांनी गोंधळ घातला. महिन्याने लक्षात आलं की शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणारे जास्त सुधारले, कारण समोरच्याचा हात आधी येतो की पाय, हे पाहण्याची त्यांना सवय लागली. खांदा बरा झाला तरी मी ती पद्धत सोडली नाही.

इथवरचा हिशेब एका दमात: नव्यांना तिसऱ्या दिवसापासून खेळू द्या, त्यांच्या हातात इपी द्या, पैसे मास्कपासून खर्च करायला लागा, आणि सरांकडे तक्रार न नेता वेळापत्रक न्या.

राहिला कोच बदलण्याचा प्रश्न. कधी बदलावा, याचं माझं उत्तर अगदी छोटं आहे. मास्क नसताना ड्रिल करून घेत असतील, पोझिशन दुरुस्त करण्याच्या नावाखाली नको तिथे हात लावत असतील, मुलींशी किंवा कुणाशीही घाणेरडं बोलत असतील, निवडीसाठी पैसे मागत असतील, तर एक दिवसही थांबू नका. तिथे वेळापत्रकाचा काही उपयोग नाही. लेखी तक्रार करा, आणि छळाचा प्रकार असेल तर विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जा. या खेळात कोच हात धरून शिकवतो. म्हणून मी स्वतः आधी विचारतो, "कोपर धरू का?" आणि शक्य तिथे हाताऐवजी पातीने दाखवतो. तुमचे सर विचारत नसतील तर सांगायला हरकत नाही. चांगल्या माणसाला त्यात अपमान वाटत नाही.

निवडीबाबत मात्र पहिल्याच दिवशी कागद करून घ्या. मी विद्यार्थी असताना निवड चाचणीत तिसरा आलो होतो. गाडी सुटायच्या आदल्या रात्री यादी बदलली, माझ्या जागी दुसरंच नाव. का, ते आजतागायत कळलेलं नाही. ट्रॅकसूट मात्र माझ्या मापाचा शिवून आला होता, तो कुणीतरी दुमडून घातला. त्यामुळे आमच्याकडे चाचणीचा पूल, स्कोअरशीट आणि अंतिम यादी त्याच दिवशी नोटीस बोर्डवर लागते, खाली माझी सही. कोचला एक जागा स्वतःच्या मर्जीने भरायचा अधिकार असावा असं मला वाटतं, कारण टीममध्ये कोण कुणामागे खेळेल हे आकड्यांवरून कळत नाही. पण ती कोणती जागा, हे आधीच लिहिलेलं हवं.

आणि पैशाचा व्यवहार सरांकडे नको, सेक्रेटरी आणि खजिनदाराकडे असू दे. सरांचाही त्यात बचाव आहे.

येत्या मंगळवारी एवढंच कर. कुणाला न सांगता मोबाइलवर स्टॉपवॉच लाव आणि प्रत्येकजण मास्क घालून समोरच्यासमोर किती मिनिटं उभा राहिला ते वहीत लिही, त्या दोघांचंही आणि १२ जणांचंही. माझा अंदाज, नव्यांचा आकडा दहाच्या आत निघेल. तोच आकडा कागदाच्या सगळ्यात वर लिहून शुक्रवारी सरांकडे जा, सराव सुरू व्हायच्या आधी. काय म्हणाले ते मला कळव. आणि त्या १२ जणांत डावखुरं कोण आहे, तेही.